पलीकडच्या दाराची काच

माझा स्वभाव मुळात दुष्ट नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. या मताला घरातून अजून अनुमोदन मिळालेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण मोटारीत बसलो की माझ्या स्वभावात थोडा फरक पडतो, हे मलाही मान्य करावं लागेल. फार नाही. कुणाच्या तोंडावर काच चढवण्याइतकाच.

काच चढवणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. माझ्या मामांकडे अँबॅसेडर होती. (उत्तरपाड्याच्या कारखान्यातून 2014 सालापर्यंत ही गाडी निघत होती, मामा त्याच्या फार आधी निघाले.) तिच्या काचेला हँडल होतं आणि ते फिरवायला बाह्या सरसावून बसावं लागे. रस्त्यात कुणी मदत मागायला आलं आणि द्यायची नसली, तर मामा हँडलला हात घालीत. पहिला फेरा रागात व्हायचा. दुसऱ्या फेऱ्याला समोरच्या माणसाची नजर त्या हातावर यायची. तिसऱ्याला मामांना स्वतःचा हात दिसू लागायचा. चौथा फेरा मी क्वचितच पाहिला. अर्ध्यावर आलेली काच तशीच ठेवून मामा खिसा चाचपीत आणि पुढचे दहा मैल आमच्यावर चिडत.

आमच्या गाडीला बटणं आहेत. बटणांच्या काचा ही मोठ्या लोकांची चैन. अमेरिकेत पॅकार्डच्या गाड्यांना 1940 साली अशा काचा आल्या. त्या तेलाच्या दाबावर चालत. आमच्याकडे ती चैन पोचली ती सेकंडहँड गाडीतून. गाडीने विशी ओलांडली आहे, पण माझ्या दारावर अजून चार बटणांची पाटी आहे. चारही दारांच्या काचा मला माझ्या जागेवरून हलवता येतात. ज्या गृहस्थाला घरात टीव्हीचा रिमोट मिळत नाही, त्याला ही सत्ता केवढी वाटत असेल, याची कल्पना विवाहित वाचकांना येईल.

गेल्या हंगामातली गोष्ट. कराडहून एक साखरपुडा उरकून आम्ही घरी, इस्लामपूरला येत होतो. (गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय सरकारने 2025 साली घेतला. सरकारचा कागद वळला, जीभ वळायला वेळ लागतो.) पेठ नाक्यावर हायवे सोडला आणि थोड्याच अंतरावर गाड्यांची रांग लागलेली. पुढे उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडली होती. हंगामात आमच्याकडे हे चालायचंच. बीडकडून ऊसतोडीची मंडळी दिवाळीच्या सुमारास येतात, फडाशेजारी पालं टाकतात, आणि उन्हाळा तापला की निघून जातात. त्यांनी तोडलेल्या उसावर आमच्या तालुक्याची ऐट चालते.

आमच्या शेजारी एक बैलगाडी थांबली होती. तिच्यावरून एक बाई उतरली. कमरेला कोयता, डोक्याला फडकं, अंगावर साडीवरून पुरुषी शर्ट. ती सौभाग्यवतींच्या बाजूला आली आणि हातवारे करून काही सांगू लागली. हात एकदा खाली जायचा, एकदा चाकाकडे. मी मनात भाषांतर केलं : खाली पोरं आहेत, उपाशी आहेत, काहीतरी द्या. सौभाग्यवतींची काच अर्धी उघडी होती. त्या "काय म्हणता?" असं विचारीत होत्या, तेवढ्यात मी माझ्या बाजूने त्यांची काच चढवली.

काच कुरकुरत वर गेली. बाईने तळव्याने काचेवर थापटलं. मी बटण आणखी दाबलं. पुरती बंद झालेली काच अधिक बंद कशी होणार होती, हे मला आजही सांगता येणार नाही. दारात कट्ट असा आवाज झाला, आणि काच धप्पकन दाराच्या पोटात गेली. त्या उघड्या चौकटीतून बाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला :

"बाई, पदर आडकलाय की वो दारात! चाकात जाईल!"

सौभाग्यवतींनी दार उघडलं. रेशमी साडीचा हातभर पदर बाहेर रस्त्याला लोळत होता. तो त्यांनी आत घेतला. मी पाकीट काढेपर्यंत बाई बैलगाडीवर चढलीसुद्धा होती. तिला आमच्याकडून काहीच नको होतं. घरापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. काच नसल्यामुळे वारा तेवढा बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दाराचं पॅड उचकटलं. आत एक लोखंडी पट्टी, एक छोटी मोटर, आणि प्लॅस्टिकच्या कप्पीवरून जाणारी बारीक पोलादी तार. तीच तार काच ओढते. तिचे धागे सुटून कप्पीत गुंता झाला होता.

"मशीन गेली काचेची," मिस्त्री म्हणाले. "काच कायम वरच ठेवता नव्हं?"

"एसी असतो ना."

"मग रबर धरतंय काचेला. रोज वर-खाली झाली तर त्रास न्हाई. कायम बंद ठिवायची आन् एकदम जोर लावायचा, मग तारंनं तरी काय करायचं?"

मी गप्प राहिलो. ते मोटारीविषयीच बोलत होते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काच चढवणं हे पाप आहे का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. धूळ असते, धूर असतो, आणि मागणाऱ्या प्रत्येकाला देऊ म्हटलं तर नाक्यावरच पेन्शन संपेल. नाही म्हणण्याचा हक्क माणसाला हवाच. पण नाही म्हणण्याआधी समोरचा काय म्हणतोय, हे ऐकायला नको? हँडलने तेवढा वेळ मिळत असे. नाकारताना हाताला कष्ट पडत, आणि त्या कष्टात लाज वाटायला जागा होती. बोटाला लाज वाटत नाही. तेवढ्यात काम झालेलं असतं. आणि मी तर दुसऱ्याची काच चढवली होती. ऐकणारं माणूस ऐकत होतं, सांगणारं सांगत होतं, आणि दोघांमध्ये माझं बोट आलं.

आमच्या मॉडेलची नवी मशीन आता बाजारात येत नाही. मिस्त्री म्हणाले, "ह्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला हँडल होतं. भंगारातनं काढून बसवू? वहिनींची बाजू हाय, चालंल का?"

वहिनींना चालेल का हे मला न विचारता त्यांनी वहिनींनाच विचारलं. चाललं.

आता तीन दारांना बटणं आहेत, आणि पलीकडच्या दाराला हँडल. परवा पेठ नाक्यावर एक मुलगी भाजलेल्या शेंगांचं टोपलं घेऊन त्या बाजूला आली. माझं बोट सवयीने बटणावर गेलं. पाटीवरचं ते चौथं बटण मिस्त्रींनी तसंच ठेवलं आहे, "ऱ्हाऊ दे, शोभंला." मी दाबलं. काही झालं नाही. पलीकडे सौभाग्यवती हँडल फिरवून काच पुरती खाली घेत होत्या आणि त्या मुलीला गाव विचारीत होत्या.

शेंगांचे पैसे मी दिले. पुढे आठ-दहा दिवस टरफलं गाडीत सापडत होती.