मृत्यूचा क्षण कोणता?

मृत्यू नेमका कधी होतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात फारसा अडला नव्हता. श्वास थांबला, नाडी लागेनाशी झाली, अंग गार पडले की माणूस गेला, असे घरचे लोक आणि वैद्य दोघेही मानत. श्वास, हृदय आणि मेंदू काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग बंद पडत, त्यामुळे मरणाचे खरे लक्षण यांतले कोणते हे ठरवायची गरज नव्हती. कृत्रिम श्वासोच्छ्वासाने ही साखळी तोडली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबत हवा पुरवण्याचा उपाय केला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस ते फुगे दाबले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून झाली.

या उपायाने असंख्य जीव वाचले, पण एक नवी अवस्थाही निर्माण झाली. मेंदू पूर्ण निकामी झालेला असूनही यंत्राच्या आधाराने छाती हलते, हृदय चालते, त्वचा उबदार राहते. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलाँ या फ्रेंच डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि ती नेहमीच्या कोमाच्या पलीकडची असल्याचे नोंदवले. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले मानवी हृदयारोपण केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनीही ही शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा मृत्यूचा निकष मानावा, असे सुचवले. त्यासाठी समितीने दोन कारणे दिली: अशा रुग्णांचा कुटुंबांवर व रुग्णालयांवर पडणारा भार आणि प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना उद्भवणारे वाद. निकषामागचा हा व्यावहारिक हेतू पुढच्या साऱ्या तात्त्विक चर्चेत टीकेचा विषय राहिला.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधानमंडळांच्या ठरावांवरून संसदेने तो केला आणि १९९५ मध्ये तो या राज्यांत लागू झाला. त्याने मेंदूस्तंभाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाचा, मृत्यू कायदेशीर मृत्यू मानला. तो चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. प्रतिक्षिप्त क्रिया उरल्या आहेत का हे पाहण्यासाठी बुबुळावर प्रकाश टाकतात, डोळ्याच्या पृष्ठभागाला कापसाची वात लावतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, नळीतून प्राणवायू चालू ठेवून, छाती आपणहून उचलली जाते का हे पाहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड श्वासाला भाग पाडील इतका वाढला तरी छाती हलली नाही, तर श्वास घेण्याची क्षमता संपली असे ठरते.

इथे एक गल्लत टाळावी लागते. परिचारिका अरुणा शानबाग केईएममध्ये ४२ वर्षे ज्या अवस्थेत होत्या, ती मेंदूमृत्यूची नव्हती. त्यांचा श्वास स्वतःचा होता, मेंदूस्तंभ काम करत होता. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्या जिवंत असल्याचे स्पष्ट केले. मरू द्यावे का, हा त्यांच्या बाबतीतला प्रश्न होता. मेंदूमृत्यूत मृत्यू होऊन गेला आहे का, हाच प्रश्न असतो.

त्यावर दोन मुख्य भूमिका आहेत. पहिलीनुसार मेंदू शरीराच्या सर्व अवयवांना एकत्र बांधतो. तो गेला की उरतात ते सुटे अवयव. अमेरिकेतील मज्जातज्ज्ञ ॲलन श्यूमन यांनी या युक्तिवादाला आव्हान दिले. मेंदूमृत ठरलेल्या काही शरीरांत जखमा भरतात, अन्न पचते, गर्भही वाढतो. मग एकत्रपणा संपला कसा म्हणावे? दुसरी भूमिका ब्रिटनचे क्रिस्टोफर पॅलिस यांनी मांडली. जाणिवेची क्षमता आणि स्वतः श्वास घेण्याची क्षमता, दोन्ही कायमच्या गेल्या म्हणजे माणूस गेला.

धर्मपरंपरांना ही दुसरी भूमिका अधिक ओळखीची वाटते. छांदोग्य उपनिषदात मरणाऱ्याची वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परम देवतेत विलीन होते. बौद्ध ग्रंथांत आयुष्य, उष्णता आणि विज्ञान (म्हणजे जाणीव) देहाला सोडून जातात तो मृत्यू. दोन्हीकडे शरीराची ऊब शेवटपर्यंत महत्त्वाची आहे. म्हणून उबदार देहाला मृत म्हणताना श्रद्धाळू कुटुंबाचे मन कचरते, आणि त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र त्याच उपनिषदातील इंद्रियांच्या वादात प्राण ही साऱ्यांना धरून ठेवणारी आतली शक्ती आहे. यंत्राने बाहेरून ढकललेली हवा त्या अर्थाने प्राण ठरत नाही. ज्यू धर्मशास्त्रातही श्वासाला असेच केंद्रस्थान आहे. इस्रायलच्या २००८ च्या कायद्याने म्हणूनच मेंदू आणि श्वसन यांचा एकत्र विचार केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८६ मध्ये मेंदूमृत्यूचा निकष स्वीकारला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्याला अनुकूल मत दिले. तरी प्रत्येक धर्मात असहमत विद्वान आहेत, आणि अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने धार्मिक आक्षेप घेणाऱ्यांना कायद्यात सवलत दिली आहे.

अलीकडच्या संशोधनाने निकषातील ‘कायमचे’ या अटीला धक्का दिला. येल विद्यापीठात नेनाद शेस्तान यांच्या गटाने २०१९ मध्ये कत्तलीनंतर चार तासांनी डुकरांच्या मेंदूंत विशेष द्रव खेळवून पेशींची काही कार्ये पुन्हा सुरू केली. जाणिवेशी निगडित असा एकसंध विद्युत्‌संकेत दिसला नाही. तरी पेशी वाटल्या होत्या तितक्या लवकर मरत नाहीत, हे सिद्ध झाले. त्यामुळे ‘परत आणणे अशक्य’ आणि ‘परत आणले जाणार नाही’ यांतला फरक आता स्पष्ट करावा लागतो.

या साऱ्यातून विज्ञानाचा अधिकार कुठवर चालतो ते कळते. काय थांबले आहे आणि ते पुन्हा सुरू होऊ शकेल का, हे तपासणी सांगते. त्यांपैकी कशाच्या थांबण्याला मरण म्हणावे, हे माणसात मोलाचे काय मानायचे यावर ठरते आणि तो निर्णय समाजाचा आहे. जाणीव आणि स्वतःचा श्वास यांना धरून राहणारा निकष वैद्यकाला आणि परंपरांनाही पेलणारा आहे. मात्र त्याचे समर्थन अवयवांच्या गरजेवरून होता कामा नये. अवयवदान हे थोर दान आहे. दाता आधीच मृत आहे याची खात्री आप्तांना अवयवांची गोष्ट निघण्यापूर्वी, शांतपणे आणि समजेल अशा शब्दांत मिळाली, तरच त्या दानाला त्यांची खरी संमती असते.