संजीवनीचा नियम

आपल्या वाडवडिलांनी हुतुतू म्हणून ओळखलेल्या आणि आज कबड्डी या नावाने परदेशांतही पोहोचलेल्या खेळाचे पूर्वी तीन प्रकार प्रचलित होते, आणि त्या तिन्हींमधील भेद एकाच प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेला होता: जो गडी बाद झाला, त्याचे पुढे काय करावयाचे? ‘अमर’ प्रकारात तो मैदान सोडीतच नसे. प्रतिपक्षाच्या नावे गुण मांडला जाई आणि खेळ चालू राही. ‘गामिनी’त तो बाहेर जाऊन बसे, आणि त्याचा अवघा संघ बाद होईपर्यंत त्याला आत येण्याची मुभा नसे. ‘संजीवनी’त मात्र साथीदारांनी प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण जिवंत होऊन परत येई. आजच्या कबड्डीने हा तिसरा नियम स्वीकारला. आणि महाविद्यालयीन वयात संघाकडून खेळणाऱ्या मुलाला निष्ठा व आपलेपणा यांविषयी जे काही शिकावयास मिळते, त्याचे मूळ मला या एका नियमात दिसते.

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले मौदा हे तालुक्याचे ठिकाण. एकीकडे पेंचच्या कालव्यावर पोसलेली धानाची शेती, दुसरीकडे २,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र. अशा तालुक्यातील मुले महाविद्यालयात येतात ती वेगवेगळ्या घरांतून: कोणाच्या घरी चार एकर धान, कोणाचे वडील कंत्राटी कामगार, कोणाचे घर परगावच्या मजुरीवर चाललेले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस बहुधा धानकापणीच्या आगेमागेच येतात, आणि सकाळी बांधावर राबलेला मुलगा सायंकाळी सरावाला येतो तेव्हा त्याच्या निष्ठेविषयी व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

परंतु निष्ठेचे खरे स्वरूप मला चढाई करणाऱ्या नामांकित गड्यापेक्षा राखीव खेळाडूत अधिक स्पष्ट दिसते. संघ बारा जणांचा, मैदानात उतरतात सात. उरलेले पाच जण सबंध हंगामभर रोज हजेरी लावतात, आणि बहुतांशी यासाठी की पहिल्या सातांना कोणावर तरी पट काढण्याचा, मिठी घालण्याचा, उसळी मारून निसटण्याचा अभ्यास करता यावा. त्यांच्या अंगावर उमटलेल्या ओरखड्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नाही; आणि तरीही सामन्याच्या दिवशी चढाईपटूचा पाय ज्या सफाईने निदानरेषेपलीकडे जातो, ती सफाई या पाच जणांनी आपल्या देहाच्या मोलाने त्याला दिलेली असते. हे ज्याला कळले, तो ‘माझा गुण’ असे बोलताना थोडा थबकतो.

आपलेपणाचा दुसरा धडा साखळीचा. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा गडी एकमेकांचा हात घट्ट धरून उभे राहतात, आणि चढाईपटू आत शिरला की दोघे एकदेह होऊन त्याच्यावर झडप घालतात. एकाने हात सोडला तर दोघांचाही घात होतो. ज्या समाजाने शतकानुशतके स्पर्शावरच माणसांची प्रतवारी लावली, आणि ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी ती प्रतवारी झुगारून धम्माची दीक्षा घेतली, त्या परिसरातल्या मुलांनी आपल्या आजोबांनी कधी धरला नसता असा हात संध्याकाळमागून संध्याकाळ धरून उभे राहावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. सामना संपल्यावर हे हात घराच्या उंबरठ्यापर्यंत तसेच राहतात काय, हा प्रश्न मात्र मैदानाने सोडवलेला नाही, आणि तो सोडवण्याचे ओझे केवळ मैदानावर टाकणेही न्याय्य नाही.

या खेळाच्या कायद्यात आणखी एक सूक्ष्म तरतूद आहे, जिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. प्रतिपक्षाचे सहा किंवा सात गडी मैदानात असताना बोनस रेषा ओलांडून परतणाऱ्या चढाईपटूला गुण मिळतो, पण त्या गुणाने बाहेर बसलेला कोणीही जिवंत होत नाही. गुणफलक वाढतो, साथीदार बाहेरच राहतो. प्रतिपक्षाच्या गड्याला बाद करून मिळवलेल्या गुणानेच माणूस परत येतो, आणि तोही ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने. त्यात कप्तानाची मर्जी चालत नाही, शिफारस चालत नाही. इतका समंजस न्याय मी आपल्या फार थोड्या संस्थांत पाहिला आहे.

विदर्भाला या खेळाचा अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवावयास गेले, तेव्हा त्यांत कबड्डी होती, आणि पदकाचा तेथे प्रश्नच नव्हता. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ती पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्णपदक मिळवले. आज तालुक्यातला मुलगा मैदानात उतरतो तेव्हा शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा विचार त्याच्या मनात असतो, आणि त्यास हीन लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याच्या घरी भाकरीची विवंचना आहे त्याच्याकडून निष्काम खेळाची अपेक्षा करणे हा पोट भरलेल्यांचा अहंकार आहे. मात्र प्रमाणपत्रावर नाव एकट्याचे असते, आणि तेवढ्यापुरती ती कागदी व्यवस्था ‘अमर’ प्रकाराच्या जवळ जाते: गुण मांडले गेले, बाकी कोण कोठे बसले होते याची चौकशी नाही.

म्हणून संघाची परीक्षा मी ढालींवरून करीत नाही. दरवर्षी कोणी एक मुलगा परीक्षेत नापास होऊन खेळण्याची पात्रता गमावतो, कोणाचा गुडघा निकामी होतो, कोणाला वडिलांच्या आजारपणामुळे महाविद्यालयच सोडावे लागते. कायद्याच्या दृष्टीने तो गामिनीचा गडी झाला. मौद्याच्या त्या मैदानावरील उरलेले अकरा जण दुसऱ्या दिवशी सरावाला निघताना त्याच्या घरावरून जातात की नाही, आणि गेले तर त्याला हाक मारतात की नाही, तेवढेच मी पाहीन.