कंबरदुखी, सायटिका आणि प्रारब्ध

जुनाट कंबरदुखी माणसाला मारत नाही आणि सोडतही नाही. ताप चढतो तसा उतरतो, मोडलेले हाड महिन्या-दोन महिन्यांत जुळते. कंबरेचे दुखणे मात्र आठ दिवस बरे राहते आणि पाण्याची घागर उचलताना पुन्हा धरते. सूज दिसत नाही, जखम दिसत नाही, त्यामुळे घरच्यांनाही कधी कधी ते कामचुकारपणाचे सोंग वाटते. परभणी जिल्ह्यात या दुखण्याची बोली ठरलेली आहे: उसण भरली, गादी सरकली, नस दबली, पायाला मुंग्या यायल्या. वर्ष-दोन वर्षे उपाय करूनही फरक पडला नाही की सोबत एक वाक्य हमखास येते, "कोण्या जन्मीचं फेडायलो काय की." हे वाक्य वैद्यकाचे नाही, धर्माचे आहे. दुखणे मागच्या कर्माचे फळ असेल तर ते निमूट सोसावे, की त्यावर उतारा शोधावा? आणि उतारा देवाकडे मागावा की नाही? ओसरीवर सहज बोलल्या जाणाऱ्या या प्रश्नांवर भारतीय परंपरेत मोठा वाद झालेला आहे.

आधी शरीराची बाजू. कंबरेतल्या खालच्या मणक्यांमधून निघालेली मज्जातंतूंची मुळे एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस बनते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून पावलापर्यंत जाते. मणक्यांमधली गादी बाहेर आली आणि तिने यातले एखादे मूळ दाबले किंवा चेतवले, की कळ कुल्ल्यातून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरते. हीच सायटिका. चरकसंहितेने वातव्याधींमध्ये गृध्रसी या नावाने दिलेले वर्णन इतके नेमके आहे की आजचा डॉक्टरही त्यात फारसे काही बदलणार नाही: दुखणे कुल्ल्यापासून सुरू होते आणि कंबर, मांडी, गुडघा, पोटरी या क्रमाने पावलापर्यंत जाते. युरोपात नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये या व्याधीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि सरकलेली गादी हे तिचे कारण बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडले. बहुतेकांची सायटिका शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ओसरते. उरलेल्यांची ओसरत नाही, आणि धर्माचा प्रश्न त्यांच्याच वाट्याला येतो.

एमआरआयने हा प्रश्न सोपा केला नाही, उलट अवघड केला. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या कंबरेच्या चित्रांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे "मणक्यात गॅप आहे" हा कागदावरचा शेरा आणि प्रत्यक्ष वेदना यांचा संबंध सरळ नाही. झीज असूनही कित्येकांना दुखत नाही, आणि चित्रात फार काही नसतानाही एखाद्याला उठता-बसता येत नाही. मग मलाच का, हा प्रश्न मशीनपुढेही तसाच उभा राहतो. प्रारब्धाला जागा मिळते ती इथे.

वेदान्ताच्या मांडणीत कर्म तीन प्रकारचे: साठलेले संचित, फळ द्यायला लागलेले प्रारब्ध आणि आज घडणारे क्रियमाण. ज्ञान झाल्यावर संचित जळते, पण प्रारब्ध धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे आपला वेग संपेपर्यंत जाणारच. म्हणून ज्ञान्यालाही रोग होतो. हा सिद्धान्त मुळात ज्ञान झाल्यावरही ज्ञानी पुरुषाचे शरीर का टिकते आणि आजारी का पडते याचा उलगडा करण्यासाठी आहे. शेजारणीने औषध घ्यावे की घेऊ नये, हे ठरवण्यासाठी तो कुणी सांगितलेला नाही. पण गावात त्याचा उपयोग बहुधा या दुसऱ्या कामी होतो, आणि तो बायकांच्या बाबतीत जास्त होतो. घरातल्या कर्त्या पुरुषाची कंबर धरली तर गाडी करून नांदेडला दाखवायला नेतात. सासूची धरली तर तिचा भोग निघतो.

आयुर्वेदाने या दैववादाला आतूनच अडवले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य आधीच ठरलेले असते काय? आत्रेयांचे उत्तर असे: मागच्या देहाने केलेले कर्म म्हणजे दैव, या देहाने केलेले कर्म म्हणजे पुरुषकार, दोन्ही बलवान किंवा दुबळी असू शकतात, आणि बलवान पुरुषकार दुबळ्या दैवाला मागे सारतो. सगळेच ठरलेले असते तर औषधे, मंत्र, रत्ने कशाला वापरायची, आणि पिसाळलेल्या हत्ती-बैलांच्या वाटेतून बाजूला तरी कशाला व्हायचे, असा त्यांचा प्रतिप्रश्न आहे. त्याच संहितेत शारीरस्थानात कर्मज व्याधींचाही उल्लेख येतो. त्यांवर उपचार चालत नाहीत. कर्म संपले की त्या जातात. मात्र दुखणे कर्मज आहे हे आधी कळणार कसे? योग्य उपचार करून पाहिल्यावरच, दुसरा मार्ग नाही. म्हणून कर्मज हा निष्कर्ष उपचारांच्या शेवटी निघू शकतो; उपचार टाळायचे कारण तो होऊ शकत नाही. पतंजलीनेही योगमार्गातल्या अडथळ्यांची यादी व्याधीपासूनच सुरू केली आहे, आणि जे दुःख अजून आलेले नाही ते टाळण्याजोगे असते असे म्हटले आहे.

या वादातले सर्वांत रोचक प्रकरण बौद्ध परंपरेत सापडते, कारण तिथे खुद्द बुद्धाचीच पाठ दुखते. दीघनिकायातल्या संगीतिसुत्तात पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश चालतो. भिक्षू अजून ऐकायला तयार असतात. बुद्ध सारिपुत्ताला सांगतो की आता तू बोल, माझी पाठ दुखते आहे, मी जरा ताणून देतो. आणि चीवराची चौघडी घालून उजव्या कुशीवर निजतो. मज्झिमनिकायातल्या सेखसुत्तात कपिलवस्तूला हेच घडते, तिथे उपदेशाचे काम आनंदाकडे जाते. दुःखमुक्तीचा मार्ग सांगणारा पुरुष पाठ दुखते म्हणून आडवा होतो, आणि सुत्ते रचणाऱ्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. या पाठदुखीची कारणे मात्र परंपरेने दोन दिली. अपदान या पाली ग्रंथातल्या गाथांनुसार बुद्धाने मागच्या एका जन्मी कुस्तीत एका मल्लाला इजा केली होती, त्याचे हे फळ. अट्ठकथाकारांच्या, म्हणजे पाली भाष्यकारांच्या मते सहा वर्षांच्या खडतर तपश्चर्येने शरीर झिजले आणि उतारवयात पाठीत वात शिरला. पहिले उत्तर रोग्याला कारण मागच्या जन्मात शोधायला लावते, दुसरे त्याच्या अंगमेहनतीचा हिशेब मागते.

यातले कुठले धरावे याचे उत्तर संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात मिळते. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. हे खरे काय? बुद्ध ते अमान्य करतो आणि आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची विषम हाताळणी, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. कर्म यादीतून गेलेले नाही, पण ते आठांतले एक आहे. सगळ्याचे खापर त्याच्यावर फोडणारा स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातो, असे बुद्धाचे म्हणणे आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आणखी पुढचे पाऊल टाकले आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा ही कल्पनाच बुद्धाच्या विचारात बसत नाही असे सांगितले. असा सिद्धान्त समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो, हा त्यांचा आक्षेप होता. परभणी जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये हा ग्रंथ घरोघर आहे, त्यामुळे तिथे भोगाची भाषा इतकी सहज खपत नाही.

परभणीच्या शेतीकडे पाहिले की आठांपैकी सहावे कारण, शरीराची विषम हाताळणी, डोळ्यांत भरते. सोयाबीन आणि कापूस ही इथली मुख्य पिके. खुरपणी बसून किंवा वाकून होते. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर अर्धी वाकलेली असते आणि ओटी भरत जाते तसा पुढचा भार वाढत जातो. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तिथे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची असते. अशा कंबरेला पूर्वजन्माची गरज नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेने, आता तिला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात, शेतकरी महिलांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर काम केले आहे. उभ्याने चालवायचे कोळपे हाती आले की वाकणे कमी होते. जे दुखणे अवजाराचा दांडा लांब केल्याने हलके होऊ शकते, त्याला प्रारब्ध म्हणणे हे तत्त्वज्ञान म्हणूनही कच्चे आहे.

उतारा शोधण्याच्या वाटाही जिल्ह्यात पुष्कळ. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, बिब्बा; उसण भरली तर पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेणे; नस काढणाऱ्याकडे जाणे; मारुतीला नवस; परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यात फेब्रुवारीतल्या उरुसाला चादर. या दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही येतात. अल्लाहने असा रोग धाडला नाही ज्याचा इलाज धाडला नाही, या आशयाचे पैगंबरांचे वचन मुसलमान घरांत सर्वपरिचित आहे, त्यामुळे सब्र आणि इलाज यांत तिथे वैर मानले जात नाही. चरकानेही चिकित्सा तीन प्रकारची सांगितली: देवावर हवाला ठेवणारी, युक्तीने औषध-आहार योजणारी, आणि मनाला अहितापासून आवरणारी. नवसाची जागा पहिल्या प्रकारात आहे. तो दुसऱ्याच्या जागी बसला की बिघडते. दुखऱ्या पाठीने देवळाला लोटांगण घालण्याचा नवस तर उघडच उलटा आहे. शरीराला निष्कारण पिळणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी आणि तामस ठरवले आहे. तापलेल्या लोखंडाने डाग देऊन घेणाऱ्यांनीही तो अध्याय कुणाकडून तरी समजून घ्यायला हरकत नाही.

देवाकडे वेदनामुक्ती मागणे हे भक्तीला कमीपणा आणणारे आहे का, हा प्रश्न अधिक नाजूक. ध्यानाच्या वाटेवरही तो उभा राहतो. सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये ब्रह्मदेशात विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते असह्य अर्धशिशीला कंटाळून. डोकेदुखी घालवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, हे या विद्येचे अवमूल्यन होईल, असे गुरूंनी बजावले. चित्तशुद्धीसाठी या, दुखणे गेले तर ते आनुषंगिक फळ. पुढे गोयंकांनीच इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे केले. या भूमिकेमागे बुद्धाच्या सल्लसुत्तातला विचार आहे: अडाण्याला एकच दुःख दोन बाणांनी लागते, पहिला शरीराचा आणि दुसरा त्यावरच्या आकांताचा; शहाण्याला पहिलाच लागतो. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी सुरू केलेले वर्ग याच विचारावर उभे होते, आणि कंबरदुखीवर अशा सरावाचा काहींना उपयोग होतो हे पुढच्या चाचण्यांत दिसलेही. मात्र पहिला बाण तसाच रुतवून ठेवावा, असे सुत्त कुठेही म्हणत नाही.

वारकरी परंपरेचे उत्तर याहून वेगळे आहे, आणि ते याच जिल्ह्यातले आहे. गोदाकाठच्या गंगाखेडला जन्मलेली संत जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या ही तिची कामे. सगळी कंबर मोडणारी. तिच्याभोवतीच्या कथांत आणि तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिचे दुखणे मंत्राने घालवत नाही, तुझा हा भोग आहे असेही तिला सांगत नाही. तो जात्यापाशी बसतो, खुंट्याला हात लावतो आणि दळू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून जाते आजही दाखवतात. शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला परभणी-गंगाखेड मार्गाने जाते. आषाढी वारीत हजारो बायका जनाबाईचे अभंग म्हणत चालतात. त्यांतल्या किती जणींच्या घरी सुनेचे किंवा सासूचे दळण दुसरे कुणी उचलते, हा प्रश्न कीर्तनात सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण जनाबाईच्या देवाने केलेला उपाय माणसाला जमण्याजोगा आहे: दुखणाऱ्याच्या हातचे काम काढून घेणे.

प्रारब्धाचा सिद्धान्त मग टाकून द्यावा काय? तेवढीही गरज नाही. सगळे उपचार नीट होऊनही जी वेदना उरते, तिच्यासोबत कडवट न होता जगायला तो काहींना बळ देतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली तितिक्षा, म्हणजे धीराने सोसणे, ती हीच. स्वतःच्या दुखण्याला स्वतः प्रारब्ध म्हटले तर तो धीर ठरतो. दुसऱ्याच्या दुखण्याला म्हटले की त्याच शब्दांचा निष्ठुरपणा होतो. सोसायचे की नाही हे ज्याची कंबर दुखते त्यानेच ठरवावे.

एका प्रसंगी मात्र सोसण्याचा प्रश्नच येत नाही. कंबरदुखीत लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेची आणि बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, तर शेक, मालीश, नस काढणे, नवस यांपैकी कशातही वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी दाबलेल्या नसा तासांच्या हिशेबाने निकामी होतात, आणि उशीर झाला तर गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही परत येईलच असे नाही.