नाव मारीचाचे, काम शिवा काशिदाचे

कामठीत सैन्य म्हटले की डोळ्यांसमोर जमीन येते. १८२१ साली ब्रिटिशांनी कन्हान नदीच्या काठी इथे छावणी वसवली आणि तेव्हापासून गाव व लष्कर एकमेकांना धरून वाढले. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे. एनसीसीचे अधिकारी होऊ इच्छिणारे शिक्षक-प्राध्यापक इथल्याच अकादमीत कवायत शिकतात. शेजारी नागपुरात, अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, पिनाक रॉकेटांचे काम होते. रायफल, रणगाडा, रॉकेट यांच्याशी इथल्या माणसाची ओळख जुनी आहे. समुद्र मात्र इथून कोणत्याही दिशेने गेले तरी शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे नौदलातला जवान पाण्यावर नेमका कशाशी लढतो आणि कशाच्या भरवशावर जगतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

तो व्हावा असे मला वाटते, आणि त्यासाठी मी एक अगदी साधे दिसणारे यंत्र निवडले आहे. त्याने कोणी मरत नाही. ते फुटत नाही, जळत नाही, आकाशात झेपावत नाही. युद्धनौकेच्या मागून, केबलला बांधून ते पाण्यात ओढत नेले जाते आणि शत्रूच्या टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून जहाजावर धावून येणाऱ्या अस्त्राला, हूल देते. २६ जून २०२० रोजी भारतीय नौदलात अशी स्वदेशी यंत्रणा अधिकृतपणे दाखल झाली. डीआरडीओच्या कोची आणि विशाखापट्टणम इथल्या प्रयोगशाळांनी ती विकसित केली, उत्पादनाची जबाबदारी भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे आली आणि तिचे नाव ठेवले गेले ‘मारीच’.

पाण्याखाली उजेड फार लांब पोचत नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. म्हणून समुद्राखालचे युद्ध कानांनी लढले जाते. जहाजाचा पंखा फिरताना पात्यांभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात, इंजिनाची थरथर पोलादी तळातून पाण्यात उतरते. वेग वाढला की हा गलकाही वाढतो. टॉर्पेडोच्या नाकाशी बसवलेली ध्वनियंत्रणा तो टिपते. काही टॉर्पेडो स्वतः ध्वनी सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जहाज शोधतात. पन्नास नॉटने धावणारा टॉर्पेडो सेकंदाला जवळपास २५ मीटर कापतो. तो पाच किलोमीटरवरून सुटला तर जहाजाच्या हाती उरतात जेमतेम सव्वातीन मिनिटे. फ्रिगेटचा वेग तीस नॉटच्या आसपास. नुसते पळून सुटका नाही.

त्या तीन मिनिटांत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. जहाजाच्या पिछाडीच्या विंचवरून लांबलचक केबल आधीच पाण्यात सोडलेली असते आणि तिच्या टोकाला असते एक नळकांडे. जहाजापासून पुरेसे मागे राहून ते जहाजासारखाच आवाज करत असते. शोध घेणाऱ्या टॉर्पेडोने ध्वनी सोडला तर जहाजाने दिला असता तसा प्रतिध्वनी तेच परत पाठवते. टॉर्पेडोची चाहूल लागते, कप्तान हुकूम देतो, जहाज झपाट्याने वळते. टॉर्पेडो नळकांड्याच्या रोखाने येतो, त्याच्या अंगावरून पुढे निघून जातो, काहीच सापडत नाही म्हणून फिरतो आणि पुन्हा त्याच आवाजाकडे येतो. प्रत्येक फेरीत त्याची बॅटरी किंवा इंधन संपत जाते. कन्हानच्या वाळूत अंडी घातलेली टिटवी माणूस जवळ आला की घरट्यापासून दूर उडत जाऊन कल्लोळ करते आणि त्याचे लक्ष तिकडे ओढते. हीच ती युक्ती आहे. फरक इतकाच की इथे घरट्यात दोन-अडीचशे माणसे असतात.

आता नावाकडे वळतो, कारण त्या नावाची कथा आमच्याच वाटेवरची आहे. कामठीहून कन्हान ओलांडून मनसरच्या दिशेने गेले की रामटेक लागते. वनवासातल्या रामाच्या मुक्कामाशी जोडलेल्या या टेकडीच्या परिसरात मारीचाची गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडणार नाही. बहुतेकांना आठवते ते त्याचे सोनेरी हरणाचे रूप. ती डोळ्यांना घातलेली भुरळ होती आणि तिने राम आश्रमापासून दूर ओढला गेला. पण कथेतला घातक क्षण त्यानंतरचा आहे. बाण लागल्यावर मारीचाने रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. तो आवाज ऐकून सीता व्याकूळ झाली आणि लक्ष्मणाला जावे लागले. हरणाने रामाला दूर नेले. लक्ष्मणाला दूर नेले ते आवाजाने. ज्या यंत्राचे सगळे सामर्थ्य दुसऱ्याचा आवाज काढण्यात आहे, त्याला हे नाव देणाऱ्याने कथा नीट वाचलेली होती.

तरीही या नावापाशी मी थांबतो. मारीचाने ज्या गोष्टीचा फायदा घेतला ती होती माया. सीतेचे पतीवर प्रेम नसते, लक्ष्मणाचे भावावर प्रेम नसते, तर ती हाक निष्फळ ठरली असती. चांगल्या भावनेलाच त्याने शस्त्र केले. नौदलाचे यंत्र असे काही करत नाही. ते शत्रूला सांगते की तुला हवे असलेले लढाऊ जहाज मी आहे, मार मला. मारण्यासाठीच सोडलेल्या अस्त्राच्या मारण्याच्या ओढीचा ते उपयोग करते. इथे कोणाचा विश्वास मोडत नाही.

युद्धाचा कायदाही हीच रेघ ओढतो. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारात युद्धातील डावपेच आणि विश्वासघात यांत भेद केला आहे. पांढरे निशाण दाखवून गोळी घालणे किंवा रेडक्रॉसच्या चिन्हाआड राहून हल्ला करणे हा विश्वासघात, कारण तिथे माणसाच्या माणुसकीवरच घाव पडतो. एकदा असे झाले की पुढच्या खऱ्या शरणागतावरही कोणी विश्वास ठेवत नाही. परिसरात मिसळून जाणारी रंगसंगती, खोट्या हालचाली आणि डिकॉय म्हणजे हूल देणारी साधने यांना मात्र तो करार उघडपणे परवानगी देतो. युद्धात सगळेच चालते असे म्हणणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा. फसवणूक कोणाची होते, कशाच्या आधारे होते आणि तिने जीव वाचतो की जातो, या तीन प्रश्नांवर तिची नैतिकता ठरते.

या कसोटीवर पाहिले की मला मारीचापेक्षा दुसरेच नाव आठवते. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. शिवाजी महाराज पावसाळी रात्री विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा वेश करून शिवा काशिद बसला. शत्रूने ती पालखी धरली, छावणीत नेली, ओळख पटली आणि शिवाला मारले. तेवढ्या वेळात महाराज पुढे निसटले. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पुढचा वेळ आपल्या प्राणांनी विकत घेतला. बाजीप्रभूंची कीर्ती मोठी आहे आणि ती असायलाच हवी. पण शिवा काशिदाच्या हाती तलवार चालवण्याचीही संधी नव्हती. दुसऱ्याच्या नावाने पकडले जायचे आणि दुसऱ्याच्या वाट्याचे मरण घ्यायचे, एवढेच त्याचे काम होते. मारीच रावणाच्या धाकाने गेला. शिवा काशिद स्वतःच्या मर्जीने गेला.

केबलच्या टोकाचे ते नळकांडे करते ते शिवा काशिदाचे काम. मोठी गोष्ट ही की आता त्या पालखीत माणूस बसवावा लागत नाही. संरक्षण-विज्ञानाच्या अनेक शोधांनी माणसे मारण्याची सोय वाढवली. या शोधाने बलिदानाच्या जागेवरून माणूस उठवला आणि तिथे धातू ठेवला. विज्ञानाने केलेल्या भल्याचे याहून स्वच्छ उदाहरण युद्धाच्या क्षेत्रात मला दिसत नाही.

हा शोध सुखासुखी लागलेला नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये आवाजाच्या मागावर जाणारा नवा टॉर्पेडो वापरला आणि व्यापारी जहाजांच्या ताफ्याबरोबरची तीन संरक्षक जहाजे बुडाली. मित्रराष्ट्रांनी काढलेला तोडगा थक्क करणारा होता. लोखंडी नळ्या शेजारी शेजारी अडकवून जहाजामागे ओढायच्या, पाण्याच्या ओघाने त्या एकमेकींवर आपटत राहतात आणि पंख्याच्या आवाजाहून मोठा खणखणाट करतात. ब्रिटिशांनी त्याला ‘फॉक्सर’ म्हटले, कॅनडाने त्याचीच सुटसुटीत आवृत्ती केली. त्याच्या उणिवाही लगेच दिसल्या. तो ओढताना वेग आवरावा लागे आणि त्याच्या गोंगाटात जहाजाची स्वतःची ध्वनिशोधयंत्रणा बहिरी होई. त्या जर्मन टॉर्पेडोची अडचणही बोलकी होती. तो सोडल्याबरोबर पाणबुडीला खोल बुडी मारून गप्प राहावे लागे, नाहीतर तो तिच्याच आवाजावर उलटण्याचा धोका असे. आवाजावर जाणाऱ्या अस्त्राला आपला आणि परका कळत नाही.

डिकॉय म्हणजे अभेद्य कवचकुंडले, असे मात्र कोणी समजू नये. २ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडी ‘कॉन्करर’ने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ बुडवली, ३२३ जण मेले. वापरलेले टॉर्पेडो जुन्या रचनेचे, नाकासमोर सरळ जाणारे होते. जे अस्त्र ऐकतच नाही, त्याला आवाजाने फसवता येत नाही. सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकात जहाजामागे पाण्यात उमटणाऱ्या फेसाळ वाटेचा माग काढणारे टॉर्पेडो आणले. त्यांनाही आवाजाची हूल पुरत नाही. म्हणून या क्षेत्रात एकदा केले आणि सुटलो असे नसते. विशाखापट्टणमच्या ज्या प्रयोगशाळेचा ‘मारीच’मध्ये हात आहे, तिनेच ‘वरुणास्त्र’ हा टॉर्पेडोही घडवला. हल्ला कसा होतो हे ज्याला आतून माहीत आहे, तोच बचाव घडवू शकतो.

आता आपल्या जखमेकडे येतो. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. ते शौर्य अजोड होते आणि म्हणून तो दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ‘आयएनएस खुकरी’वर टॉर्पेडो सोडला. खुकरी आणि तिची जोडीदार ‘किरपाण’ या दोन्ही फ्रिगेट पाणबुडीच्याच शोधात निघालेल्या होत्या. पण पाणबुडीने त्यांना आधी हेरले. खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवच्या किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक आहे.

४ डिसेंबर आपल्याला पाठ आहे, ९ डिसेंबर नाही. यात कोणाचा वाईट हेतू नाही. प्रहार दिसतो, त्याचा जयजयकार करता येतो. क्षेपणास्त्राच्या चाचणीचे चित्रण घरोघर पोचते. डिकॉयची चाचणी यशस्वी झाली तर काहीच होत नाही. जहाज आधी होते तसेच नंतरही असते. न घडलेल्या दुःखाची बातमी होत नाही आणि जे बुडाले नाहीत त्यांचे स्मारक कोणी बांधत नाही. लोकांना जे दिसते त्यालाच मान मिळतो आणि ज्याला मान मिळतो तिकडे पैसा व बुद्धिमान तरुण वळतात. म्हणून संरक्षणाच्या साधनांना मिळणारी दुय्यम जागा हा नुसत्या भावनेचा विषय नाही. तिची किंमत कधीतरी माणसांनी मोजावी लागते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. आक्रमण हाच उत्तम बचाव, शत्रूची पाणबुडीच बुडवली तर डिकॉयची गरज काय, असे विचारले जाते. पाणबुडी आधी सापडली तर हे खरे. खुकरीची रात्र सांगते की शिकारीला निघालेलाच कधी शिकार होतो. बचावाचे साधन असलेला सैनिक भित्रा होत नाही, उलट पहिला वार चुकवून दुसरा वार करायला तो जिवंत राहतो. शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले म्हणून पुढचे स्वराज्य उभे राहिले, आणि त्यासाठी त्यांना कोणी पळपुटे म्हणत नाही.

कामठीसारख्या गावाने हे सर्वांआधी समजून घ्यावे असे मला वाटते. सैनिकाच्या घरातली काळजी काय असते ते या गावाला सांगावे लागत नाही. आपण आपली मुले लष्करात पाठवतो तेव्हा देशाशी एक करार करतो. मुलगा प्राण पणाला लावेल, आणि त्याचे प्राण स्वस्त होऊ न देण्याची जबाबदारी देशाची. हेल्मेट, चिलखती जाकीट, सुरुंग शोधणारी यंत्रे, जहाजामागचे डिकॉय, ही सगळी त्या कराराची पूर्तता आहे. खुकरी बुडाल्यापासून ‘मारीच’ नौदलात येईपर्यंत साडेअठ्ठेचाळीस वर्षे गेली. पुढच्या पिढीचे टॉर्पेडो आत्ताच कुठेतरी आखले जात आहेत. त्यांच्यावरचा उपाय शोधायला आपल्याला इतका काळ लागता कामा नये.

म्हणून माझी विनंती साधी आहे. शाळा-कॉलेजांतून नौदल दिन साजरा कराल तेव्हा कराचीबरोबर खुकरीची हकीकतही मुलांना सांगा. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना रॉकेट दाखवता तसे ध्वनिशास्त्रही दाखवा, आणि माणसे वाचवणाऱ्या यंत्रावर आयुष्य खर्च करणे हीसुद्धा देशसेवाच आहे हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. लोकप्रतिनिधींना नव्या शस्त्रांबद्दल विचाराल, तेव्हा ती चालवणाऱ्या माणसांच्या बचावासाठी काय केले हेही विचारा. जो देश हा दुसरा प्रश्न विचारत राहतो, त्याच्याच सैनिकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्राण पणाला लावून द्यावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क त्या देशाला पोचतो.