जन्माने मोकळे की बांधलेले? (गीता, अध्याय १८, श्लोक ६० ते ६३)



आजच्या वाचनात एक पेच आहे. साठाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, तू तुझ्या स्वभावाने बांधलेला आहेस; जे करायचं नाही म्हणतोस, तेच परवश होऊन करशील. आणि त्रेसष्टाव्यात म्हणतात, सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला हवं तसं कर. मग माणूस बांधलेला की मोकळा?

१७६२ साली रूसोने मांडलं की माणूस मोकळा जन्मतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलमही तेच म्हणतं. कायद्याला हे हवंच, कारण जन्मावरून कोणी कोणाचा मालक ठरू नये. पण पाळण्यातलं बाळ बघा. देह, घर, जात, भाषा, आईचं दूध, यातलं त्याने काय निवडलं?

आमच्या चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज आठवतात. जन्म १८८१. वर्षाचे व्हायच्या आत दृष्टी गेली, लहानपणीच आईही गेली. निवडलेलं काहीच नाही. तरी ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचले आणि स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवून घेतलं. नातं कोणाशी जोडायचं, हे त्यांनी निवडलं.

आता एक गोष्ट आपण विसरतो. महाराजांना ग्रंथ दुसऱ्याने वाचून दाखवावे लागत, आणि त्यांनी सांगितलेलं दुसऱ्याने उतरवून घ्यावं लागे. आपण मात्र स्वातंत्र्य म्हणजे 'मला कोणाची गरज नाही' असं धरून चालतो. स्वतःचा फ्लॅट, स्वतःचा पगार, झालो मोकळे! खरं तर भगवंतांनी 'हवं तसं कर' म्हणायच्या आधी अर्जुनाला अठरा अध्याय समजावलं. विचार करता येईल इतकं कोणीतरी आपल्याला दिलेलं असतं, तेव्हा निवड जमते. मला वाटतं, आपण मोकळे जन्मत नाही. मोकळं होण्याची ताकद घेऊन जन्मतो, आणि ती दुसऱ्याच्या हातानेच जागी होते.

म्हणून एक सांभाळा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला किंवा शिक्षण सुटलेल्या मुलीला 'मनाने मोकळी हो, बाकी प्रारब्ध' असं सांगणं सोपं आहे. पण साठावा श्लोक दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला नाही, स्वतःला तपासायला आहे. महाराजांना कोणी प्रारब्ध सांगून थांबलं असतं, तर ते ग्रंथ आपल्यापर्यंत आले असते का? कोणीतरी शेजारी बसून वाचलं.

आजची साधना छोटीशी. आपल्याला ज्यांनी 'वाचून दाखवलं', त्यातल्या एकाला फोन करा. आणि या आठवड्यात कोणासाठी तरी तासभर बसा.

राम कृष्ण हरी!