त्याग म्हटला की खर्च वाचतो

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन नागपूरचा एखादा मुलगा दुर्गम भामरागडच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाला की आपण त्याच्या त्यागाचं कौतुक करतो. या कौतुकात आपली सोय आहे. एकदा त्याग म्हटला की पैसा, खोली, सोबत यांचा हिशेब मागायचं कारण उरत नाही. २००० साली नव्या शिक्षकाला आधी मानधनावर घेणारी शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकचं मानधन महिना तीन हजार होतं. ते सोळा हजार व्हायला २०२३ उजाडलं. तीन वर्षं मानधनावर काढल्याशिवाय वेतनश्रेणी नाही. अनुभवी शिक्षक बदलीच्या वाटेनं सोयीच्या गावी सरकतात, रिकामी राहते ती आडरानातली जागा. आणि ती बहुधा सर्वांत नवख्याच्या वाट्याला येते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे निदान बातमीत तरी येतं. पहिलीतली मुलं घरी माडिया बोलतात आणि मराठी त्यांना शाळेतच प्रथम भेटते, ही अडचण बातमी होत नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी सोय करायला राज्यघटनेचं कलम ३५०क राज्याला सांगतं. प्रत्यक्षात ते ओझं मानधनावरच्या एका पोराच्या खांद्यावर.

कुणी म्हणेल, जुने गुरुजी कंदिलाच्या उजेडात शिकवत राहिलेच ना! राहिले, त्यांच्या आठवणी आपण सांगतो. जे मनातून खचले त्यांची आठवण कोण सांगणार? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत, अपडाऊन करतात, नुकसान मुलांचं होतं. होतंच, आणि त्याचं समर्थन नको. पण राहण्याजोगी खोली नसलेल्या गावात मुख्यालयाची अट कागदावरच पाळली जाते. तिनं प्रामाणिक माणसालाही खोटं बोलायला शिकवलं. शिक्षिकेसाठी तर खोली आणि संडास यांशिवाय ही अट निव्वळ क्रूर आहे.

शिक्षणहक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. त्यातला एक माडिया जाणणारा असेल, तर नवख्याचं अर्धं एकटेपण तिथंच सरेल. केंद्रप्रमुखांनी पहिल्या सत्रात तरी तपासणीची वही बाजूला ठेवून त्याच्या वर्गात दिवसभर बसावं. आणि खोलीची व्यवस्था जिल्हा परिषदेनं रुजू होण्याआधी करावी, पूर ओसरल्यावर नव्हे.