कमिशन कोणाच्या घरात जातं?

‘विमा एजंटाचं कमिशन बंद करा, विमा आपोआप स्वस्त होईल,’ हे गुंतवणुकीवरच्या व्याख्यानांत हल्ली इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की समोरचा सुशिक्षित वर्ग टाळ्या वाजवून मोकळा होतो. पूर्वी पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळे. ऑक्टोबर २०२४मध्ये एलआयसीने ते २८ टक्क्यांवर आणलं, तरी वक्त्यांचा राग ओसरलेला नाही. या रागामागचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा.

एलआयसीनेच २०२४ साली अर्थ मंत्रालयाला दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६१ हजार एजंट आहेत आणि त्यांची सरासरी कमाई महिन्याला १४,९३१ रुपये आहे. हिमाचल प्रदेशात ती १०,३२८ रुपये भरते. २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात देशातला माणशी मासिक खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. म्हणजे चौघांच्या घराला खेड्यात साडेसोळा हजार लागतात, शहरात अठ्ठावीस हजार. पुण्या-ठाण्यात भाड्याने राहणाऱ्याचं एवढ्यातही भागत नाही. शिवाय सरासरीत वीस-पंचवीस वर्षं जुने, मोठ्या धंद्याचे एजंटही आले. नव्या पोराच्या हाती काय पडत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांवर मोठ्या शहरात झाडलोट करणाऱ्या अकुशल कामगाराचं किमान वेतन ऑक्टोबर २०२४मध्ये महिन्याला २०,३५८ रुपये होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बहुतेकांचा हा जोडधंदा असतो. असतोच. त्यावर घर चालत नाही म्हणूनच तो जोडधंदा राहतो. मग दोन वर्षांत एजंट काम सोडतो आणि त्याने उतरवलेल्या पॉलिसी वाऱ्यावर पडतात. हप्ता चुकला तर आठवण करून द्यायला कोणी उरत नाही.

आणि कमिशन तरी पूर्ण त्याच्या खिशात जातं का? वर्षाला २४,००० हप्त्याची पॉलिसी घेतली, तर २८ टक्क्यांनी ६,७२० रुपये होतात. पण सही करण्याआधी साहेब विचारतात, ‘आम्हाला किती सोडणार?’ विमा कायद्याचं कलम ४१ अशी सूट देण्यालाही मनाई करतं आणि घेण्यालाही. दंड दहा लाखांपर्यंत आहे. तरी मार्च एंडला ही घासाघीस सर्रास चालते, आणि कमिशनवरच्या टीकेला टाळ्या वाजवणारेच तिच्यात पुढे असतात. उरलेल्यातून पेट्रोल, मोबाइल आणि दिवाळीच्या डायऱ्या-कॅलेंडरं.

ओळखीच्या एका एजंटाबरोबर मी सांगलीजवळच्या एका गावात डेथ क्लेमसाठी गेलो होतो. पॉलिसीवर वारसदार म्हणून बायकोचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. त्या बाईंना कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. एजंट ओसरीवर बसला, त्याने एकेक कागद उलगडून चटईवर लावला, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मोजल्या, प्रतिज्ञापत्राचा मजकूर लिहून दिला, दीर कुठल्या दिवशी तालुक्याला येऊ शकेल ते विचारून घेतलं. नंतरच्या शाखेच्या फेऱ्याही त्यानेच मारल्या. या सगळ्या कामाचं कमिशन शून्य. विमा ज्या दिवसासाठी घेतात, त्या दिवसाच्या कामाला आपल्या व्यवस्थेत मोल नाही.

इथे मला चिंतामणराव देशमुख आठवतात. रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावचे देशमुख अर्थमंत्री असताना, १९ जानेवारी १९५६ रोजी, त्यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र आल्या. १ सप्टेंबरला एलआयसी हे महामंडळ उभं राहिलं. त्याआधीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला होता. विमा खेड्यापाड्यांत नेण्याचा तो विचार मला आजही थोर वाटतो, पण त्यातली एक फट सत्तर वर्षं बुजलेली नाही. कारकुनाला पगार मिळाला, पुढे वेतन करार आले. ज्याच्या पायांवर विमा खेड्यात पोचणार होता, तो एजंट कमिशनवरच राहिला. आता ग्रॅच्युइटीची मर्यादा पाच लाख झाली आहे, पण ती टिकलेल्याला.

मग कमिशन वाढवावं? लिहायला बसलो तेव्हा माझा कल तिकडेच होता. पण हिशेब मांडल्यावर ते पटत नाही. विकल्याशिवाय एजंटावर दमडीही खर्च होत नसेल, तर संस्थेला भरती थांबवायचं कारणच नाही. दर वाढवला की माणसं वाढतात, प्रत्येकाचा वाटा पुन्हा आक्रसतो, आणि घरखर्चाला पैसे कमी पडलेला माणूस नको ती पॉलिसी गळ्यात मारतो. पहिल्या वर्षाचं कमिशन घटवून नंतरच्या हप्त्यांवरचं वाढवलं, ही दिशा ग्राहकाच्या हिताचीच आहे. फक्त नवा एजंट ती नंतरची वर्षं येईपर्यंत जगणार कसा, हे कोणी ठरवलेलं नाही.

डिसेंबर २०२४मध्ये पानिपतला सुरू झालेल्या ‘विमा सखी’ योजनेत याचं अर्धं उत्तर आहे. दहावी पास महिलेला कमिशनशिवाय पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मानधन; पुढच्या मानधनासाठी आदल्या वर्षीच्या निदान ६५ टक्के पॉलिसी चालू असल्या पाहिजेत. तत्त्व योग्य आहे. ते सगळ्या नव्या एजंटांना लागू करा आणि मानधन जिल्ह्याच्या राहणीखर्चावर ठरवा, कारण गडचिरोलीत आणि ठाण्यात सात हजारांत सारखं घर चालत नाही. क्लेमच्या कामालाही ठरावीक मेहनताना द्या. पैसा पहिल्या वर्षाच्या कमिशनातून काढता येईल, ज्यातला बराचसा आज बेकायदा सुटीत ग्राहकाकडेच परत जातो आहे.